सासूबाईंच्या ऑपरेशनची फाइल मागायची कशी?

वाचकाचे पत्र

नमस्कार ताई. आम्ही जालना जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. घरची थोडी शेती आहे, मिस्टर एका दुकानात कामालाही जातात. दोन महिन्यांपूर्वी सासूबाई (वय ६८) अंगणात घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. आम्ही त्यांना छत्रपती संभाजीनगरच्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात नेले. ५० हजार भरा, मग ॲडमिट करू, असे काउंटरवर सांगितले. रेशन कार्ड दाखवले तर "याला योजना लागत नाही" म्हणाले. खर्च १ लाख ८० हजार सांगितला होता, बिल ३ लाख १४ हजार झाले. औषधे त्यांच्याच मेडिकलमधून घ्यायला लावली. सकाळी डॉक्टरांनी सुट्टी दिली, पण पूर्ण पैसे भरेपर्यंत रात्री ९ वाजेस्तोवर सोडले नाही. दिरांनी दागिने गहाण ठेवून पैसे आणले तेव्हा सोडले.

आता दीड महिना होऊन गेला तरी सासूबाईंना पाय टेकवत नाही. जालन्याच्या दुसऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशनचे कागद आणि एक्स-रे मागितले. ते आणायला गेलो तर "डिस्चार्ज कार्ड दिलंय ना? फाइल आमची असते, बाहेर देत नाही" असे उत्तर मिळाले. मिस्टर म्हणतात, सोडून दे, उद्या पुन्हा त्यांच्याच दारात जावं लागलं तर? कागद मिळतील का? आमच्याशी जे झाले ते नियमात बसते का? आणि तक्रार केली तर त्याचा राग सासूबाईंवर निघेल का? कृपया नाव छापू नये.

उत्तर

ताई, नमस्कार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण सासूबाईंचा पुढचा उपचार त्यावर अडला आहे. कागद मिळतील. ते तुम्हाला देणे त्या दवाखान्यावर बंधनकारक आहे.

डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे २००२ सालचे नियम आहेत. त्यांत स्पष्ट लिहिले आहे की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने उपचाराचे कागद मागितले, तर मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांच्या आत कागद द्यायचे. दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवायच्या, हेही त्याच नियमांत आहे. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९६ सालीच सांगून ठेवले आहे की रुग्णाचे कागद रुग्णापासून लपवून ठेवता येत नाहीत. "फाइल आमची असते" हे काउंटरवरचे वाक्य अर्धे खरे आहे. मूळ फाइल दवाखान्याकडेच राहते आणि ती तिथेच राहायला हवी. तिच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स मात्र सासूबाईंच्या हक्काची आहे. झेरॉक्सचा वाजवी खर्च मागितला तर तो द्या, त्यावरून वाद घालू नका.

मी जिल्हा रुग्णालयात परिचारिका होते, त्यामुळे फाइलमध्ये काय काय असते ते मला ठाऊक आहे. बहुतेक नातेवाईक नुसते "फाइल द्या" म्हणतात आणि हातात डिस्चार्ज कार्डाची दुसरी प्रत घेऊन परततात. म्हणून अर्जात एकेक कागद नावाने मागा: दाखल होतानाचा केसपेपर, रोजच्या तपासणीच्या नोंदी, सिस्टरांच्या नोंदी आणि औषधांचा चार्ट, भूल देणाऱ्या डॉक्टरांची नोंद, संमतीपत्रे, रक्ताचे सगळे रिपोर्ट, ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे एक्स-रे (फिल्म किंवा सीडी), आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे ऑपरेशन नोट. खुब्याच्या मोडीत कधी रॉड किंवा स्क्रू घालून हाड सांधतात, तर कधी हाडाचा गोळाच बदलतात. तुम्हाला यातले काय केले हे कुणी नीट सांगितलेले दिसत नाही, कारण एवढ्या सविस्तर पत्रात त्याचा उल्लेखच नाही. जालन्याच्या डॉक्टरांना मात्र हेच आधी कळायला हवे. गोळा बदललेल्या माणसाला सहसा लवकर उभे करतात. हाड सांधले असेल तर किती वजन टाकायचे आणि कधी टाकायचे, हे मोड कशी होती आणि ती कशी बसवली यावर ठरते. पाय टेकवत नाही याचा अर्थ दोन्हींत सारखा लागत नाही.

ऑपरेशन नोटजवळ किंवा फाइलच्या आतल्या पानावर छोटे छापील स्टिकर चिकटवलेले असतात. आत बसवलेल्या रॉडच्या, स्क्रूच्या किंवा गोळ्याच्या खोक्यातून ते निघतात. त्यावर कंपनी, आकार आणि बॅच क्रमांक असतो. त्या पानाची झेरॉक्स हमखास घ्या. पुढेमागे तो भाग काढायचा झाला तर त्याच कंपनीची हत्यारे लागू शकतात आणि एमआरआय काढायचा झाला तरी ही माहिती विचारतात. बिल तपासायलाही तेच स्टिकर उपयोगी पडतात. स्टेंट आणि गुडघ्याचे कृत्रिम सांधे यांच्या किमतीवर केंद्र सरकारने २०१७ पासून कमाल मर्यादा घातली आहे. तुमचा प्रश्न खुब्याचा आहे, पण आत काय बसवले आणि त्याची छापील किंमत काय, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

संमतीपत्रांबद्दल मला जरा थांबून बोलायचे आहे, कारण तुमच्या पत्रात सासूबाई कुठेच बोलत नाहीत. पैसे दिरांनी आणले, काउंटरवर मिस्टर बोलले, पत्र तुम्ही लिहिले. सह्याही बहुधा मुलांनीच केल्या असतील. वॉर्डात मी हे सतत पाहिले आहे: म्हातारी बाई पूर्ण शुद्धीवर असते, तिला सगळे समजत असते, आणि तिच्या ऑपरेशनची चर्चा मात्र दाराबाहेर तिच्या मुलाशी चालते. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्याची स्वतःची हवी. नवऱ्याची किंवा मुलाची सही तिची जागा घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका प्रकरणात हे सविस्तर मांडले. काय करणार आहोत, त्यातून काय साधेल, धोके कोणते, दुसरा पर्याय कोणता, काहीच केले नाही तर काय होईल, हे रुग्णाला कळेल असे सांगूनच संमती घ्यायची. एका कामासाठी घेतलेली संमती दुसऱ्या कामासाठी चालत नाही, हेही त्याच निकालात आहे. (त्या प्रकरणातली बाई तपासणीसाठी बेशुद्ध असताना तिच्या आईची सही घेऊन ऑपरेशन केले होते. न्यायालयाने ती संमती मानली नाही.) तेव्हा तुमच्या हातात संमतीपत्रांच्या प्रती आल्या की पाहा, सही कुणाची आहे, मजकूर मराठीत आहे का, आणि रिकाम्या जागा सहीनंतर भरल्यासारख्या दिसतात का. आताच त्यावर भांडण काढा असे मी म्हणत नाही. पुढच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा मात्र सासूबाईंना पुढच्या खुर्चीत बसवा आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. पाय त्यांचा आहे.

आता सकाळपासून रात्री ९ पर्यंत अडवून ठेवल्याची गोष्ट. हे बेकायदेशीर होते, आणि मी हे जपून बोलत नाही. बिल थकले म्हणून सुट्टी दिलेल्या रुग्णाला डांबून ठेवता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ सालच्या एका प्रकरणात सांगितले आहे. दवाखान्याचे पैसे बुडावेत असे कुणीच म्हणत नाही. थकबाकी वसूल करायला त्यांना दिवाणी न्यायालयाचा रस्ता मोकळा आहे. जिवंत माणूस मात्र तारण म्हणून ठेवता येत नाही, आणि मृतदेहही नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्ण हक्कांची जी सनद तयार केली, तिच्या १७ हक्कांमध्ये हा हक्क वेगळा नोंदवला आहे. ज्या घरात माणूस गेला आहे, त्या घराला बिलासाठी शवागाराबाहेर बसवून ठेवणे याइतके निर्दय काही मी माझ्या नोकरीत पाहिले नाही. वाचकांपैकी कुणावर अशी वेळ आली तर ११२ वर फोन करून "सुट्टी दिलेल्या रुग्णाला बिलासाठी अडवून ठेवले आहे" एवढेच सांगा. बिलाचा वाद पोलिसांना सोडवायला लावू नका, तो त्यांचा विषय नाही. पैसे भरावेच लागले, तर बिलाच्या दवाखान्याकडे राहणाऱ्या प्रतीवर "रक्कम मान्य नाही, तक्रारीचा हक्क राखून भरली" असे लिहून सही करा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

विमा असलेल्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगते. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार सुट्टीच्या वेळची कॅशलेस मंजुरी विमा कंपनीने ३ तासांत द्यायची आहे. त्याहून उशीर झाला आणि त्यामुळे दवाखान्याने जादा आकार लावला, तर तो भार कंपनीने उचलायचा आहे. "इन्शुरन्सवाल्यांचा मेल आला नाही" म्हणून संध्याकाळपर्यंत ताटकळू नका. कंपनीला वेळ नोंदवून लेखी कळवा.

बिलाकडे वळू. १ लाख ८० हजारांचे ३ लाख १४ हजार झाले, यात गैर असेलच असे मी इथे बसून म्हणू शकत नाही. आयसीयूत दोन दिवस वाढले, रक्त द्यावे लागले, तर खर्च वाढतो. पण वाढत असताना ते सांगायला हवे होते आणि शेवटी प्रत्येक बाब सुटी करून दाखवायला हवी. तुमच्याकडे एकच पान असेल तर तपशीलवार बिल त्याच अर्जात मागा. हाती आले की औषधांची यादी सिस्टरांच्या चार्टशी ताडून पाहा. जे औषध चार्टवर दिलेलेच नाही, ते बिलात का आले? हातमोजे किती जोड्या लावले? न वापरलेली सलाईन आणि इंजेक्शने मेडिकलला परत गेली असतील तर ती वजा झाली का? हे काम किचकट आहे, पण घरात कॉलेजात जाणारे पोर असेल तर एका दुपारी होते. मी सांगते, दहा पानांच्या तक्रारीपेक्षा असे एक पान अधिक काम करते.

महाराष्ट्रात खाजगी दवाखाने महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली नोंदवावे लागतात. केंद्राचा २०१० चा कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही, म्हणून आपल्याला लागू होतात ते या जुन्या कायद्याचे नियम, आणि ते जानेवारी २०२१ मध्ये बदलले. रुग्ण हक्क सनद आणि दरपत्रक लोकांना दिसेल असे लावणे त्या नियमांनी बंधनकारक केले. तक्रार ऐकणारा कक्ष आणि टोल फ्री क्रमांक स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकाऱ्याने ठेवायचा आहे. हा प्राधिकारी म्हणजे महापालिका हद्दीत महापालिकेचा आरोग्य विभाग. तुमचा दवाखाना शहरात आहे, म्हणजे तक्रार तिथल्या महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाईल. महापालिका हद्दीबाहेरच्या वाचकांनी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात चौकशी करावी. कागद आणायला पुन्हा जाल तेव्हा स्वागतकक्षाजवळच्या भिंती पाहा. सनद आणि दरपत्रक आहे का? नसेल तर तो नियमभंग तुमच्या तक्रारीचा एक मुद्दा झाला.

औषधे त्यांच्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती करता येत नाही. औषध कुठून घ्यायचे आणि तपासणी कुठे करायची हे निवडण्याचा हक्क सनदेत आहे. ऑपरेशन टेबलावर रुग्ण असताना कुणी बाहेर धावणार नाही, तेवढे समजून घ्यायला हवे. पण वॉर्डात रोज लागणारी तीच इंजेक्शने समोरच्या दुकानात स्वस्त मिळत असतील तर ती आणता येतात. फक्त पक्की पावती घ्या आणि बॅच क्रमांक पाहून घ्या.

रेशन कार्डाबद्दलचे उत्तर तुम्हाला कदाचित लागेल, म्हणून स्पष्टच सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता राज्यातल्या सगळ्या रेशन कार्डधारक कुटुंबांना आहे, वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत. पण ती कॅशलेस योजना आहे. आधी पैसे भरून नंतर परत मागायची सोय तिच्यात नाही. दवाखाना योजनेत असावा लागतो आणि तो उपचारही यादीत असावा लागतो. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवले आहेत. तेव्हा "याला योजना लागत नाही" हे खरेही असू शकते. पण ते काउंटरवरच्या मुलाने ठरवायचे नसते. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला विचारायचे, आणि तो सापडला नाही तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करायचा. हा फोन तुम्ही आजही करू शकता. तो दवाखाना त्या तारखेला योजनेत होता का आणि सासूबाईंचे ऑपरेशन यादीत होते का, हे विचारा. दोन्ही उत्तरे "हो" असतील तर त्यांनी तुमच्याकडून पैसे घेतले कसे, ही वेगळी आणि गंभीर तक्रार होते. ती योजनेच्या कार्यालयाकडे द्या.

आणखी एक गोष्ट तपासा. बिलावर किंवा फलकावर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आहे का? तो दवाखाना धर्मादाय असेल, तर उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेनुसार त्याला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार आहे. तहसीलदारांचा दाखला आणि रेशन कार्ड लागते. असे दवाखाने आपल्या शहरांमध्ये पुष्कळ आहेत आणि त्यांच्या दारातून रोज माणसे पूर्ण बिल भरून जातात, कारण त्यांना हे कुणी सांगितलेले नसते. याचा मला मनापासून राग येतो. समाजसेवा अधीक्षकाचे टेबल कुठे आहे, हे ॲडमिट होतानाच विचारावे. सरकारी दवाखान्यात, खाजगीत, कुठेही.

५० हजारांच्या डिपॉझिटबद्दल एवढेच. जीव धोक्यात असेल तर आधी उपचार, पैसे नंतर. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ साली सांगितले आणि ते सरकारी तसेच खाजगी डॉक्टरांनाही लागू आहे. खुब्याची मोड फार दुखते, पण ऑपरेशन बहुतेकदा ठरवून केले जाते. त्यामुळे त्यासाठी आगाऊ रक्कम मागणे दर वेळी बेकायदा ठरेल असे नाही. दारात आलेल्या म्हातारीला वेदनाशामक न देता, पायाला आधार न लावता पैशांसाठी स्ट्रेचरवर तिष्ठत ठेवले असेल, तर ते मात्र नक्कीच चूक आहे. तसे झाले होते का, ते तुम्हाला आठवेल.

आता तुमच्या मिस्टरांची भीती. ती मला खोटी वाटत नाही. गावापासून दोन तासांवर एकच मोठा दवाखाना असतो, तिथलेच डॉक्टर उद्या लागणार असतात. पण कागद मागणे ही तक्रारच नाही. डॉक्टरांच्या नातेवाइकांचे ऑपरेशन झाले तरी ते दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतात आणि त्यासाठी फाइल मागवतात. चांगल्या डॉक्टरला त्याचे वाईट वाटत नाही. म्हणून हे दोन वेगळे टप्पे करा. आधी फक्त कागद, साध्या आणि नम्र भाषेत. बिल आणि अडवणूक यांचा विषय कागद हाती आल्यावर.

उपचार चुकला की काय, ही शंका तुमच्या पत्रात ओळींच्या मधून दिसते. त्यावर आज काही बोलू नका, गावात तर अजिबात नको. या वयात खुब्याच्या ऑपरेशननंतर दीड महिन्याने दुखणे राहते, ते नीट झालेल्या ऑपरेशनातही राहू शकते. व्यायाम झाला नाही, भीतीने पाय उचललाच नाही, हेही कारण असू शकते. नाहीतर आतला स्क्रू सरकला असेल किंवा जंतुसंसर्ग असेल, आणि मग उशीर करून चालणार नाही. हे एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या पाहून जालन्याचे डॉक्टर सांगतील. जखमेतून पाणी येत असेल, ताप असेल, पाय अचानक आखूड झाल्यासारखा किंवा वळल्यासारखा दिसत असेल, तर कागदांची वाट पाहू नका, आजच दाखवा. नवा एक्स-रे कुठेही निघतो.

नातेवाईक जमवून जाब विचारायला जाण्याची कल्पना कुणी मांडली तर तिथेच थांबवा. डॉक्टर किंवा कर्मचाऱ्यांवर हात उगारणे, तोडफोड करणे हा २०१० च्या राज्याच्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आणि ५० हजारांपर्यंत दंड. आणि कायदा नसता तरी मी हेच म्हटले असते. मार खाणारी बहुधा रात्रपाळीची सिस्टर किंवा शिकाऊ डॉक्टर असते. बिल तिने लावलेले नसते.

७२ तासांत कागद आले नाहीत तर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे दवाखान्याविरुद्ध, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे संबंधित डॉक्टरांविरुद्ध लेखी तक्रार करता येते. दोन्हींना तुमच्या अर्जाची पोच जोडायची. जादा बिल, अडवणूक, कागद न देणे यांबद्दल भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग आहे. पैसे देऊन घेतलेला वैद्यकीय उपचार ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. २०१९ च्या नव्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, म्हणजे जालन्यातच. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही, आणि मुदत घटनेपासून २ वर्षांची आहे. म्हणजे घाई नाही. सासूबाई आधी उभ्या राहू देत, मग घरात बसून ठरवा. काहीच करायचे नाही असे ठरले तरी कागद घरात असू देत.

अर्ज असा लिहा. सासूबाईंच्या नावाने, साध्या कोऱ्या कागदावर, मराठीत:

"मी आपल्या दवाखान्यात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दाखल होते, नोंदणी क्रमांक अमुक. पुढील उपचारासाठी मला माझ्या संपूर्ण उपचाराच्या कागदपत्रांच्या प्रती आवश्यक आहेत. (इथे वर सांगितलेली यादी आणि तपशीलवार बिल.) वैद्यकीय आचारसंहिता नियम, २००२ नुसार या प्रती ७२ तासांच्या आत द्याव्यात ही विनंती. त्या स्वीकारण्याचा अधिकार मी माझा मुलगा/सून यांना देत आहे. प्रतींचा वाजवी खर्च देण्यास मी तयार आहे."

खाली सासूबाईंची सही किंवा अंगठा, तुमचे नाव आणि मोबाइल क्रमांक. सोबत दोघींच्या आधार कार्डाची झेरॉक्स. कुणाबद्दल तक्रारीचा एक शब्दही या कागदावर नको. दोन प्रती करा आणि काउंटरवर न देता थेट वैद्यकीय अधीक्षकांच्या किंवा व्यवस्थापकांच्या कार्यालयात द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही घ्या. घ्यायला नकार दिला तर वाद न घालता बाहेर या, त्याच दिवशी पोस्टात जाऊन पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि दवाखान्याच्या ईमेलवर अर्जाचा फोटो टाका.

सोमवारी सकाळी ११ च्या सुमारास गेलात तर कार्यालयातले लोक जागेवर सापडतील. गुरुवारपर्यंत कागद मिळाले नाहीत तर पोच घेतलेल्या प्रतीचा फोटो मला याच पत्त्यावर पाठवा, आरोग्य अधिकाऱ्यांचे पत्र आपण मिळून लिहू.